विणकऱ्याची कादंबरी आणि आपले बंद दार

आमच्या वाचनमंडळाने जॉर्ज एलियट या लेखिकेची १८६१ साली प्रसिद्ध झालेली 'सायलस मार्नर' ही कादंबरी अभ्यासासाठी घेतली, तेव्हा पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणेच आला. मराठी टिकावी म्हणून एकत्र जमणाऱ्यांनी इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्याची गोष्ट का वाचावी? ग्रामजीवनच हवे तर माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहेच! आहे खरी, पण १९५५ सालच्या त्या कादंबरीचा निवेदक तरी कोण? धनगरांच्या वस्तीवर बाहेरून आलेला तरुण मास्तर. परक्या गावात माणूस रुजतो कसा, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांत आहे, आणि तो आपलाही आहे.

मला आक्षेपापेक्षा कौतुकच अधिक खटकले. 'पैशापेक्षा माया थोर' असे तात्पर्य काढून मंडळी चहाकडे वळली. कादंबरी इतकी सोपी नाही. चोरीच्या खोट्या आळामुळे आपले गाव सोडून सायलस रॅव्हलो या खेड्यात येतो. तेथे पंधरा वर्षे माग चालवूनही तो परकाच राहतो. गावाला त्याचा संशय येतो, हे खरे; पण तोही दार लावून रात्री नाणी मोजत बसतो. फरशीच्या विटांखाली लपवलेले २७२ पौंड चोरीला जातात आणि पुढे एक पोरकी मुलगी त्याच्या चुलीपाशी येऊन निजते. तिच्यासाठी त्याला शेजाऱ्यांकडे सल्ला मागावा लागतो. शेजारीण डॉली लहान मुलाचे कपडे घेऊन येते. मुलीच्या गरजेने त्याचे दार उघडते, तेव्हा कुठे तो गावचा होतो.

आता आपल्याकडे पाहू. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांच्या ताब्यात आले. आपल्यातील काही घराणी आपला येथील वास त्या काळापर्यंत नेतात, तर काही नंतर खानदेशातून आली. तरीही मूळ गाव विचारले की आपण तापीपलीकडे, दक्षिणेकडे बोट दाखवतो. सायलसही अनेक वर्षांनी आपले जुने ठिकाण शोधायला जातो. त्याच्या पंथाचे प्रार्थनामंदिर नाहीसे झालेले असते. त्या जागी कारखाना उभा असतो. आपणही एकदा तसे शोधून पाहावे, मग अभिमान सांगावा.

या चर्चेत एक लाजिरवाणी गोष्ट घडली. मागाच्या वर्णनात 'धोटा' हा शब्द आला आणि अर्ध्या मंडळींना तो कळेना. ज्या शहरात यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो, तेथे राहून! विणकर मोमीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपली शेजारी आहेत. त्यांच्यापैकी एकालाही आपण बैठकीला बोलावले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. मागे एका सभासदाचा नातू बैठकीत म्हणाला, "मी ही किताब वाचली." सगळे हसले, मीही हसलो. मुलगा पुन्हा आला नाही. आपण मराठी जपतो म्हणजे नेमके काय करतो? व्याकरणाची नाणी मोजतो, घासूनपुसून ठेवतो आणि ज्याच्यासाठी ती खर्चावीत, त्यालाच हसून दाराबाहेर घालवतो.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. या कादंबरीवरची पुढची बैठक विणकरांच्या मोहल्ल्यात, माग चालवणाऱ्यांच्या सोबतीने व्हावी. ती हिंदी-उर्दूत झाली तरी चालेल. आणि मुलांनी मोडक्यातोडक्या मराठीत बोलावे. त्यांना मध्येच थांबवून कोणी सुधारू नये.

यामुळे मंडळाचे मराठीपण पातळ होईल, असे काही ज्येष्ठांना वाटते. ही भीती खोटी नाही. या शहरात हिंदीचा ओघ मोठा आहे आणि मराठी कानावर पडावी अशी ठिकाणे थोडी आहेत. परंतु मंडळाच्या हजेरीवहीत तरुणांची नावे किती, हे त्यांनीच पाहावे. पातळ होण्याची भीती असलेली भाषा निदान वाहते तरी. आपली साठली आहे.

हा ठराव मी पुढील सभेत मांडणार आहे. विरोध अवश्य व्हावा; मात्र पुस्तक शेवटपर्यंत वाचून व्हावा.