रिफंडचा पितृपक्ष

गणपतीच्या आगेमागे आमच्या सोसायटीत एक प्रश्न गच्चीपासून गेटपर्यंत फिरत असतो : "तुमचा आला का हो?" पाहुणा नव्हे, इन्कम टॅक्सचा रिफंड. बँकेत तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि आता शेजारपाजारच्या आठ-दहा जणांची रिटर्न भरून देतो. त्यामुळे हा प्रश्न आधी माझ्या दारात येतो. पैसे जमा झाल्यावर त्यांचं काय झालं, तेही मला कळतं. लिफ्टमधून वर जाणारा टीव्हीचा खोका सगळ्यांनाच दिसतो.

वेळही अशी पडते की माणूस मोहात पडावा. उन्हाळ्या-पावसाळ्यात रिटर्न भरायचं, मग मेसेज येतो तो नेमका नवरात्राच्या सेलच्या तोंडावर. मागच्या वर्षी एकाला अठरा हजार आले. तो खुशीत म्हणाला, "काका, वरचे पैसे आलेत, फोन घेतोय." वरचे कसले? वर्षभर त्याच्या पगारातून महिन्याला दीड हजार जास्त कापले गेले होते. भाजीवाल्याने उरलेले सुट्टे पैसे दुसऱ्या दिवशी परत दिले, तर आपण त्याला बक्षीस म्हणतो का? रिफंडचं तेच आहे. तो तुमचाच पगार आहे, फक्त उशिरा आलेला.

या उशिराचं व्याज सरकार देतं, महिन्याला अर्धा टक्का. अठरा हजारांवर नव्वद रुपये. रिफंड तुमच्या एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. आणि बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही अशी गोष्ट म्हणजे, मूळ रिफंडवर कर नसतो, पण त्यावरच्या व्याजावर असतो. ते पुढच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

तर माझं पहिलं सांगणं असं, की पैसे आले की घरात रिफंडचा पितृपक्ष पाळा. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण त्या पंधरवड्यात घरोघरी खरेदी थांबते आणि मधल्या काळात निम्म्या इच्छा आपोआप विरतात, हे मी पाहिलेलं आहे. रक्कम रोजच्या खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यात किंवा छोट्या एफडीत ठेवा. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय, तिथे तर मुळीच ठेवू नका. तोवर आयकर खात्याने पाठवलेलं इंटिमेशन उघडून वाचा. मागची एखादी थकबाकी वळती करून घेतल्यामुळे रक्कम कमी आलेली असू शकते.

याच दिवसांत लुबाडणारेही जागे असतात. "तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, लिंकवर खातं तपासा" असा मेसेज आला तर बोट आवरा. रिफंड तुम्ही पोर्टलवर आधीच पडताळून दिलेल्या खात्यात येतो. त्यासाठी आयकर खात्याला तुमचा ओटीपी, पिन, कार्डावरचा नंबर यातलं काहीही लागत नाही. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

आता पंधरा दिवस झाले, पैसा कुठे घालायचा? क्रेडिट कार्डाची बाकी तुंबली असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. महिना साडेतीन टक्क्याने अठरा हजारांचे सहाशे तीस रुपये व्याज, त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला साडेसातशेच्या आत-बाहेर. कुठलीही एफडी, कुठलीही भिशी तुम्हाला एवढं देणार नाही. कार्ड तसंच ठेवून मुलीच्या नावाने बचत करणारे लोक मला भेटतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, हिशेबाबद्दल आहे.

कर्ज नसेल, तर माझं मत जरा वेगळं आहे. सल्लागार मंडळी लगेच म्युच्युअल फंड म्हणतील. मी म्हणतो, आधी दात. दोन वर्षं पुढे ढकललेलं रूट कॅनल, जुन्या नंबरचा चष्मा, आईचा मोतीबिंदू, कानाचं यंत्र, गळणारी मोरी. मध्यमवर्गीय घरात या गोष्टी "पुढच्या महिन्यात बघू" या रांगेत उभ्या असतात आणि थांबल्या की महाग होतात. पाचशे-हजारात बुजवता येणारा दात काढून नवा बसवेपर्यंत जातो, तेव्हा खर्च कित्येक पटींनी वाढलेला असतो. आणि महिन्याच्या पगारातून ही कामं कधी निघत नाहीत, कारण पगाराला आधीच वाटा फुटलेल्या असतात. रिफंडला अजून वाट नसते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा आणि विचारा, काय दुखतंय? पहिल्यांदा "काही नाही" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.

विम्याचं थोडक्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि जीवनज्योती मिळून वर्षाला ४५६ रुपये लागतात आणि दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण मिळतं. घरकामाच्या मावशींचाही हप्ता भरलात तर उत्तमच.

उरलेलं ठेवायचं कुठे, यावर एकच धोक्याची सूचना. बँकेत प्रत्येक ठेवीदाराचे व्याजासह पाच लाखांपर्यंत पैसे विम्याखाली सुरक्षित असतात. पतसंस्थेला हे कवच नाही. कोपऱ्यावरची पतसंस्था टक्काभर जास्त देते आणि चेअरमन ओळखीचे आहेत, एवढ्यावर आयुष्याची पुंजी ठेवू नका. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. ती तर बँक होती. पीपीएफमध्ये टाकणार असाल तर महिन्याच्या पाच तारखेच्या आत टाका, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

थोडे पैसे मजेलाही ठेवा हं. सगळे अठरा हजार शहाण्यासारखे वापरणाऱ्या घरात जेवायला जायला मला भीती वाटते. दोन हजारांची नाटकाची तिकिटं काढा, सगळे मिळून जा.

आणि कुणी एजंट "रिफंड वाढवून देतो, वीस टक्के माझे" म्हणाला, तर त्याला चहाही विचारू नका. खोट्या देणग्या, खोटं घरभाडं दाखवून काढलेला रिफंड व्याज-दंडासह परत द्यावा लागतो. नोटीस एजंटच्या नव्हे, तुमच्या नावाने येते. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या दाव्यांवर देशभर तपासण्या केल्या.

खरं तर मोठा रिफंड येऊच नये, अशी तजवीज करायला हवी. नोकरदारांनी जुनी करप्रणाली घेतली असेल तर भाड्याच्या पावत्या, पीपीएफचे कागद ऑफिसात वेळेवर द्यावेत. कर लागतच नाही अशा ज्येष्ठांनी एप्रिलमध्येच बँकेत स्वयंघोषणेचा अर्ज द्यावा, सगळे ज्याला पंधरा-एच म्हणतात तो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना वर्षाला एक लाख चाळीस हजार व्याज मिळतं. बँक त्यातले चौदा हजार कापायची आणि मी ते दरवर्षी परत आणून द्यायचो. यंदा मी एप्रिलातच त्यांच्याकडून तो अर्ज भरून घेतला.

परवा त्या जिन्यात भेटल्या, जरा नाराजच होत्या. "या वर्षी काही आलंच नाही हो." मी म्हटलं, "बाई, दर तिमाहीला साडेतीन हजार जास्तीचे येताहेत की! पासबुक बघा."

"ते येत असतील," त्या म्हणाल्या, "पण मेसेज कुठे आला?"