राजाचे मुख पाहिलेत, आता पदकाची कड वाचा

१/ जुन्या ट्रंकेत ब्रिटिश नाणे किंवा पदक सापडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती मिळतील?' या एका प्रश्नाने इतिहासाचे जितके नुकसान केले, तितके गंजानेही केले नसेल. शिरोळ तालुक्यातील माळ्यांवरची पदके मोडीत जाण्यापूर्वी हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

२/ आधी भ्रम दूर व्हावा. राम-सीता किंवा हनुमान छापलेले, 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असे लिहिलेले नाणे कंपनीच्या टांकसाळीतले नव्हे. ते बनावट टोकन होय. जुन्या नाण्यांच्या फसव्या व्यवहारांत आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिला होता.

३/ खरी पेनी ओळखणे अवघड नाही. १८६० पासूनच्या कांस्य पेनीवर एका बाजूस राजा वा राणी, दुसऱ्या बाजूस त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया व तिच्याखाली वर्ष असते. त्यापूर्वीची पेनी तांब्याची. हिंदुस्थानात मात्र पै, पैसा, आणा चालत, पेनी नव्हे. मग ती शिरोळच्या घरात कोणाबरोबर आली, हा प्रश्न किमतीहून मोठा आहे.

४/ 'मृताची पेनी' म्हणून ओळखली जाणारी वस्तू तर नाणेच नाही. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या वारसांना दिलेली ती सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्य थाळी. तिच्यावर मृताचे नाव उठावात आहे, हुद्दा मात्र मुद्दाम वगळला आहे : बलिदानात सर्व समान, ही त्यामागची भूमिका.

५/ याच युद्धाचे नेहमी आढळणारे पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. पुढे पंचम जॉर्ज, मागे अश्वारूढ पुरुष. सैनिकांना ते चांदीचे मिळाले. मजूर तुकड्यांतील अनेकांना कांस्याचे. समतेची भाषा धातूपाशी येऊन थांबली.

६/ आता पदक आडवे धरावे. कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. संग्राहक राजाच्या मुखाचे छायाचित्र काढतो, सराफ वजन पाहतो. कड कोणी वाचत नाही. चिंच लावून घासणारा तर ती अक्षरेच झिजवतो.

७/ या अक्षरांचे मोल बसऱ्यात कळते. १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली. त्या आघाडीवरील, कबर अज्ञात असलेल्या मृतांचे स्मारक बसऱ्यात आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची केवळ संख्या. अशा भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये क्षमा मागितली.

८/ 'ही गुलामगिरीची बिरुदे, ती जपायची कशाला?' असा आक्षेप घेतला जातो. पदक साम्राज्याने दिले हे खरे. पण कडेवरचे नाव एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचे आहे. साम्राज्याने त्याचा आकडा केला. पदक मुशीत टाकणारा वारस साम्राज्याचे तेच काम पूर्ण करतो.

९/ शिरोळमध्ये हा धोका दुहेरी आहे. २०१९ च्या महापुराने कृष्णा-पंचगंगेकाठची घरे बुडवली. पाण्यात कागद जातात, धातूवरची अक्षरे राहतात. चांदीकामासाठी प्रसिद्ध हुपरी शेजारच्याच तालुक्यात आहे. चांदीला येथे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. पुरातून वाचलेले नाव मोडीच्या भावात जाऊ शकते.

१०/ म्हणून पदक घासू नये, फीत फेकू नये. दोन्ही बाजूंची आणि संपूर्ण कडेची छायाचित्रे घ्यावीत. नाव इंग्रजी लिपीत विचित्र दिसते. ते घरातील ज्येष्ठांसमोर मोठ्याने वाचावे, ओळख पटू शकते. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात असावे.

११/ बसऱ्याच्या दगडावर ज्याला जागा मिळाली नाही, ते नाव शिरोळच्या एखाद्या ट्रंकेत असू शकेल. आधी ते वाचावे. किंमत नंतर विचारावी.