टेन्शन, मीठ आणि मी

महापेहून रात्री अकराला सुटलं की घणसोली स्टेशनपर्यंत मानेचा नुसता दगड! कलीग म्हणाली, फ्लोट टँक ट्राय कर. म्हणजे अंधाऱ्या टाकीत साधारण ३५ अंश पाणी, त्यात शेकडो किलो एप्सम सॉल्ट. माणूस बुडतच नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॉन लिलींनी ही टाकी बनवली ती आरामासाठी नव्हे हं. बाहेरचं काहीच कळेनासं झालं तर मेंदू झोपतो का, हे बघायला. नाही झोपला!

तिथेच मी घाबरले. आईचा रिपोर्ट यायचाय. तासभर अंधारात दुसरं काय आठवणार?

रविवारी आईलाच घेऊन अकलोलीच्या गरम कुंडांवर गेले. तानसाकाठी पाण्यात पाय सोडून बसलो. रिपोर्टचा विषय तिनेच काढला.