वजनाचा रिकामा रकाना

किडनीच्या रुग्णाची रक्त पातळ करणारी गोळी नेमकी कुणाच्या जबाबदारीची, हे विचारणारी पत्रे गेले काही महिने सातत्याने येत आहेत. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारे फॅमिली फिजिशियन विचारतात, हृदयरोगतज्ज्ञांनी दीड वर्षापूर्वी लिहिलेल्या मात्रेला मी हात लावू का? नेफ्रॉलॉजिस्ट विचारतात, ही गोळी एएफसाठी चालू आहे की जुन्या डीव्हीटीसाठी, एवढी एक ओळ कुणीच का लिहीत नाही? डायलिसिस युनिटमधल्या एका तंत्रज्ञ भगिनीचे पत्र तर काळजाला लागले. सुया काढल्यावर फिस्टुलाचे रक्त काही केल्या थांबेना, तेव्हा त्यांनी रुग्णाला खोदून विचारले. त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत ॲपिक्साबॅनची अर्धी कापलेली पट्टी होती. युनिटच्या फाइलमध्ये तिची नोंद नव्हती आणि हिपॅरिन मात्र नेहमीच्या मात्रेत दिले गेले होते.

पत्रांसोबत नावे खोडलेल्या डिस्चार्ज कार्डांच्या आणि केसपेपरांच्या प्रती आल्या आहेत. वजनाचा रकाना बहुतेक कार्डांवर छापलेला आहे आणि बहुतेक कार्डांवर तो कोरा आहे. नाडी लिहिली आहे, बीपी लिहिले आहे, साखर लिहिली आहे. वजन नाही. ज्या रुग्णाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्याच्याच कार्डावर ते नसावे याला कामाचा ताण हे कारण पुरत नाही. वजनकाटा प्रत्येक ओपीडीच्या दाराशी आहे.

हिशेब करून पाहू. ७२ वर्षांच्या बाई, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन १.३. आपल्या ओपीडीत अशा बाई रोज येतात. लॅबच्या छापील कागदावर सीकेडी-ईपीआय सूत्राने ईजीएफआर येतो ४४ च्या आसपास. तो पाहून 'मध्यम स्वरूपाचा बिघाड' म्हणून आपण पुढे जातो. आता कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे १९७६ चे सूत्र लावा : १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि स्त्री असल्यामुळे गुणिले ०.८५. उत्तर येते २६. एकच बाई, एकाच नळीतले रक्त, आणि दोन आकड्यांत १८ चा फरक. ४४ वर डॅबिगॅट्रान लिहिणाऱ्याला काही वावगे वाटणार नाही. २६ वर युरोपच्या औषधपत्रकाप्रमाणे ते औषध निषिद्ध आहे, कारण त्याचा जवळजवळ ८० टक्के भाग किडनीवाटेच बाहेर पडतो. ॲपिक्साबॅनबाबत तर दोन खंडांची पत्रके एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेचा नियम म्हणतो, वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी असतील तरच मात्रा निम्मी करा. या बाईंकडे एकच आहे, म्हणजे ५ मिलिग्रॅम दोन वेळा. युरोपचे पत्रक म्हणते, क्लिअरन्स १५ ते २९ असेल तर २.५ दोन वेळा. यांतले काय स्वीकारावे यावर तज्ज्ञांत प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण वजनच लिहिलेले नसेल तर मतभेदापर्यंत पोचायचीही सोय राहत नाही.

ईजीएफआर वाईट आहे, असे कुणी समजू नये. सीकेडीची पायरी ठरवायला तो उत्तम आहे. पण तो १.७३ चौरस मीटरच्या ठरावीक देहाला बेतलेला आकडा आहे आणि ४२ किलोच्या देहाला तो सैल होतो. या गोळ्यांच्या ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, २००९ ची आरई-लाय, २०११ च्या रॉकेट-एएफ आणि ॲरिस्टॉटल, त्यांत रुग्ण निवडताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचाच आधार घेतला होता. पहिल्या दोघींनी ३० च्या खालचे क्लिअरन्स वगळले. ॲरिस्टॉटलने २५ च्या खालचे किंवा २.५ च्या वर क्रिएटिनिन असलेले वगळले. याचा अर्थ, आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत त्यांतले बरेचसे रुग्ण या चाचण्यांच्या उंबऱ्याबाहेरच होते. त्यांच्यासाठी गोळी लिहिताना अधिक नोंदी लागतात, आणि आपण सर्वांत कमी नोंदी त्यांच्याच ठेवतो.

सगळ्यांत चीड येते ती डायलिसिसच्या रुग्णाबाबत. आपल्या आरोग्यव्यवस्थेत याच्याइतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कुणाचे वजन होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, सुई टोचण्यापूर्वी आणि सुई काढल्यावर, दर वेळी. ड्राय वेट ठरलेले असते, ते फाइलवर ठळक असते. तरीही हृदयरोगतज्ज्ञांच्या कागदावर वजन कोरे, कारण युनिटची फाइल युनिटमध्येच राहते. डायलिसिसवरच्या एएफच्या रुग्णाला अमेरिकेचे पत्रक ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दोन वेळा सांगते आणि वय ८० किंवा अधिक, अथवा वजन ६० किलो किंवा कमी असेल तर २.५. आता रुग्ण डायलिसिसला येतो ६१.५ किलोने आणि घरी जातो ५८.५ ने. त्याला कोणती मात्रा? आमचे स्पष्ट मत आहे की ड्राय वेट धरावे. तीन किलो पाणी म्हणजे रुग्णाचे वजन नव्हे. शिवाय डायलिसिसवर २.५ दोन वेळा दिल्यावर रक्तातली पातळी निरोगी किडनी असलेल्याच्या ५ मिलिग्रॅमच्या जवळपास जाते, असे औषधगतीच्या अभ्यासात दिसले आहे. युरोपचे पत्रक तर डायलिसिसमध्ये हे औषध सुचवतच नाही. रीनल-एएफ आणि ॲक्साडिया या दोन चाचण्यांकडे आपण डोळे लावून बसलो होतो. त्या अनुक्रमे १५४ आणि ९७ रुग्णांवर आटोपल्या. एवढ्या संख्येवर वॉर्फरिन-गटाच्या औषधांशी बरोबरीचा निकाल देता येत नाही. म्हणून इथे निर्णय वैद्याच्या विवेकाचा आहे, आणि विवेकाने घेतलेला निर्णय कारणासह लिहून ठेवावाच लागतो.

दुसऱ्या टोकाची चूक तितकीच घातक आहे आणि ती आपल्यातले अनुभवी लोकही करतात. 'किडनीचा पेशंट आहे, अर्धीच द्या.' कसला हिशेब नाही, निकष नाही, केवळ भीती. अर्ध्या मात्रेने रक्तस्राव टळेलच याची खात्री नाही, पण पक्षाघातापासूनचे संरक्षण मात्र हातचे जाते. त्याहून वाईट म्हणजे गोळी बंद करून ॲस्पिरिनवर समाधान मानणे. वॉर्फरिन देता येत नाही अशा रुग्णांवर २०११ साली ॲव्हेरोज चाचणी झाली. ॲस्पिरिनच्या गटात पक्षाघात आणि एम्बॉलिझमचे प्रमाण वर्षाला ३.७ टक्के होते, ॲपिक्साबॅनच्या गटात १.६. मोठ्या रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक नव्हता. इतकी वर्षे उलटली तरी 'ॲस्पिरिन चालू आहेच ना' हे वाक्य आपल्या तोंडून जात नाही. आणि काही रुग्णांना तर दोन्ही चालू असते : स्टेंट घातला तेव्हाचे ॲस्पिरिन थांबवायची तारीख कुणी लिहिलीच नाही, म्हणून ते तीन वर्षे गोळीबरोबर चालले आहे.

वॉर्फरिन आणि ॲसिनोकुमॅरॉल मोडीत निघालेले नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. यांत्रिक झडप असेल तर पर्यायच नाही. ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसमध्ये २०२२ च्या इनव्हिक्टस चाचणीत रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुनी औषधेच सरस ठरली, आणि ऱ्हुमॅटिक झडपा आपल्याकडे आहेतच. पण आयएनआर करायचा तर एकाच लॅबमध्ये करा, सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरलेली आहे हे पाहा. अर्धवट भरलेल्या नळीतला आयएनआर खोटा वाढून येतो आणि त्यावर मात्रा कमी केली जाते. रिफॅम्पिसिन सुरू झाले की गोळी जुनी असो वा नवी, तिचा परिणाम घसरतो. सीकेडीत क्षयरोग किती आढळतो हे आपल्याला ठाऊक आहे, तरी टीबीच्या कार्डावर या गोळीचा उल्लेख सापडत नाही. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन कमरेत देणाऱ्यांना काय सांगावे? क्रिएटिनिन वाढते, जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो, आणि सुईच्या जागी रक्ताची गाठ धरते ती निराळीच. हे थांबवायला कोणत्याही तपासणीची गरज नाही, रुग्णाला 'रक्त पातळ व्हायची गोळी घेता का' एवढे विचारणे पुरे.

आता सरकारी बाजू. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र अजून १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर चालतो. केंद्राचा २०१० चा कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. २०२१ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आले. ते योग्यच झाले. पण आमच्या वाचकांचा अनुभव असा की तपासणीला आलेले अधिकारी सनद लावली आहे का ते पाहतात, दरपत्रक पाहतात, अग्निशमनाचा दाखला पाहतात आणि सही करून जातात. पाच डिस्चार्ज कार्डे उघडून त्यांवर वजन, निदान आणि औषध थांबवण्याची तारीख आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतील. ती कुणी देत नाही. तपासणीच्या नमुन्यात तो प्रश्नच नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. नमुना बदलायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो वापरावा.

जेनेरिक नावांचेही असेच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नावे सक्तीची करणारे नियम काढले आणि तीन आठवड्यांत स्थगित केले. आदेश राहिला बाजूला, पण बाजारात एकाच औषधाच्या ब्रँडची रांग लागलेली आहे. रुग्ण पुण्याहून एक नाव आणतो, गावात दुसरे मिळते, आणि दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेतो. आमची विनंती आहे की आदेशाची वाट न पाहता या एका गटासाठी तरी औषधाचे मूळ नाव ठळक लिहा आणि ब्रँड त्याखाली. केमिस्ट बंधूंनी या गोळ्यांची पट्टी नाव आणि मुदत उडेल अशी कापून देऊ नये. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल तर मूळ वेष्टनातून काढून पुडीत बांधणे पूर्ण चूक आहे, ती दमट हवेत टिकत नाही. गिळता येत नाही म्हणून फोडून दिली तर शरीरात जाणारे औषध बेसुमार वाढते. रिव्हरॉक्साबॅनच्या १५ आणि २० च्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, हे चिठ्ठीवर मराठीत लिहा. डायलिसिसहून थकून येऊन न जेवता झोपणारा रुग्ण ती उपाशीपोटी घेतो आणि ती पुरती अंगी लागत नाही.

मित्रांनो, आता वाद पुरे. या महिन्यापासून पुढील गोष्टी आपण सर्वांनी करायच्या आहेत आणि त्यांसाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. गोळी लिहिणाऱ्याने औषधाच्या नावाशेजारी कारण, वजन, क्रिएटिनिन आणि त्याची तारीख लिहावी. क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर त्याला १० ने भागा, तितक्या महिन्यांत पुन्हा तपासणी. वरच्या बाईंचे २६ आले होते, म्हणजे अडीच महिने. उलट्या-जुलाब, ताप, नवे डाययुरेटिक असेल तर त्याआधीच. डायलिसिस युनिटच्या प्रमुखांनी दर महिन्याच्या सारांशात ड्राय वेट आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे नाव लिहून त्याची एक प्रत रुग्णाच्या हातात द्यावी, फाइलला टाचून ठेवू नये. सुया काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागला तर तंत्रज्ञांनी ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. 'आमचे कोण ऐकणार' असे आम्हाला लिहिणाऱ्या तंत्रज्ञांना आम्ही सांगतो, तुम्ही पाहिले ते दुसऱ्या कुणालाही दिसत नाही, म्हणून सांगाच. पॅथॉलॉजिस्ट मित्रांनी मागणीपत्रावर वजनाचा रकाना घालावा, आणि वजन आले असेल तर ईजीएफआरच्या खाली कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचा आकडाही छापावा. सॉफ्टवेअरवाला पैसे मागतो ही तक्रार आली आहे. सूत्र चार आकड्यांचे आहे, तोवर हाताने लिहा.

आणि फॅमिली फिजिशियनना आग्रहाची विनंती. दीड वर्षापूर्वीची मात्रा बदलू का, असा प्रश्न पडला तर 'सेम ट्रीटमेंट चालू' लिहून पान उलटू नका. वजन करा, क्रिएटिनिन मागवा, आकडा काढा आणि तज्ज्ञाला फोन करा. फोन उचलला नाही तर तो आकडा चिठ्ठीवर लिहून रुग्णाबरोबर पाठवा. तज्ज्ञांनी अशा चिठ्ठीला उत्तर द्यावे, दोन ओळींचे का होईना. उत्तर येत नसेल तर आम्हाला कळवा. नावे न छापता, पण नेमकी काय अडचण आली ते या पानावर छापण्याची आमची तयारी आहे. रुग्णाचे नाव खोडून कार्डांच्या प्रती पाठवत राहा. वजन लिहिलेली कार्डेही पाठवा. ज्या युनिटने आपला मासिक सारांश नीट बसवला असेल, त्याचा कोरा नमुना आम्ही पुढच्या अंकात पूर्ण पानावर छापू. तो फाडून, झेरॉक्स काढून, आपल्या युनिटचे नाव घालून कुणीही वापरावा.