‘ही माणसं सुधारत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

स्वभावाला औषध नाही, असं आपण सहज म्हणून जातो. बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असलेल्यांबद्दल घरचे हे म्हणतात ते हतबल होऊन. पण शिकलेसवरलेले डॉक्टरही वेगळ्या शब्दांत तेच म्हणतात, आणि माझा राग त्यांच्यावर आहे. तासातासाला पालटणारं मन, जवळचं माणूस सोडून जाईल ही जीवघेणी धास्ती, स्वतःला इजा करणं, आत्महत्येचे प्रयत्न. हे सगळं समोर दिसत असताना ‘नाटकं आहेत’ म्हणून मोकळं व्हायचं, हे वैद्यकशास्त्र नव्हे.

बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलात दाखल झालेल्या अशा २९० रुग्णांचा मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून पाठपुरावा केला. दर दोन वर्षांनी मुलाखत. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. रुग्णालयात भरती करावी लागली होती, अशांची ही गोष्ट आहे!

यावर लगेच प्रश्न येतो: काळच बरं करत असेल तर उपचार कशाला? कारण त्या काळात माणसं जिवानिशी जातात. सिॲटलच्या मार्शा लिनहान यांनी १९९१ साली दाखवून दिलं, की वर्षभराच्या डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीने नेहमीच्या उपचारांपेक्षा स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी होतात, रुग्णालयातले दिवसही घटतात. या उपचारात ‘असं का केलंस?’ म्हणून दरडावत नाहीत. इजेच्या आधीचा दिवस रुग्णासोबत उलगडतात: सकाळी कुणाचा फोन आला, मनात काय आलं, कुठल्या वळणावर दुसरं काही करता आलं असतं. भावनांचा लोंढा आला की श्वास रोखून गार पाण्यात चेहरा बुडवायलाही शिकवतात. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात आणि पुढची काही मिनिटं निभावतात. स्वतः लिनहान सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

एकाच पद्धतीची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. टोरांटोत १८० रुग्णांवर झालेल्या २००९ च्या चाचणीत, अनुभवी मनोविकारतज्ज्ञांनी शिस्तीत दिलेल्या उपचारांनीही तितकाच गुण आला. गोळ्यांचं तसं नाही. ब्रिटनमध्ये २७६ जणांवर लॅमोट्रिजिनची चाचणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, की वर्षभरानंतर औषध आणि खोटी गोळी यांत फरक नाही. म्हणजे म्हणीतलं औषध खरोखरच हाती नाही. उपचार आहे, आणि तो माणसाने माणसाला वेळ देऊन करायचा आहे. अशी शिकलेली माणसं तयार करायला पैसा लागतो. तो खर्च टाळायचा आणि दोष रुग्णाच्या स्वभावाला द्यायचा, हे मला मान्य नाही.

झानारिनींच्या रुग्णांत दहा वर्षांनी लक्षणं ओसरून नोकरी-शिक्षण आणि नातीही नीट चालू असलेले निम्मेच होते. म्हणून उपचार लवकर हवेत. मेलबर्नमध्ये अँड्र्यू चॅनन यांनी पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींवर ते करून दाखवले. ‘एवढ्या लहान वयात शिक्का नको’ म्हणून निदान लांबवणारे त्या मुलीला शिक्क्यापासून वाचवत नाहीत. नाटकी, हट्टी, वाया गेलेली हे शिक्के तिच्यावर शाळेत आणि घरात केव्हाच बसलेले असतात.