गाईला आरती, कुत्र्याला लड

पाडव्याला आमच्या दिघोरीत गायगोधन असते. गाईबैलांना धुऊन, शिंगे रंगवून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून घरोघर ओवाळतात. मीही ताम्हन घेऊन उभा असतो. आरती संपते न संपते तोच कोणी तरी त्याच गाईच्या पायांशी फटाक्यांची लड फेकतो! गाय उधळते, लोक खो खो हसतात. हटकले तर म्हणतात, "जुनी रीत आहे, मास्तर." गाय ओवाळण्याची रीत जुनी, हे कबूल. लड काही बळिराजाने वाटून दिलेली नाही. ती बाजारातून आलेली आहे.

तरी गाईचे वर्षातून एकदा औक्षण होते. कुत्र्याच्या नशिबी तेही नाही. नेपाळात दिवाळीच्या दिवसांत एक अख्खा दिवस कुत्र्याचा असतो. त्याला टिळा लावतात, हार घालतात. आम्ही त्याच्या शेपटीला फटाका बांधतो!

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. पुढे गावोगावच्या मंडया असतात, रात्री दंडार नाही तर नाटक. तेव्हा घर पाहुण्यांनी भरले होते. आमचा मोती अकरा वर्षांचा, खाटेखाली अंग चोरून बसलेला. एका पाहुण्याच्या चिरंजीवांनी ओसरीवरच लड लावली. दार येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी सताड उघडे. मोती जो सुटला तो थेट धानाच्या बांध्यांत. माझ्या हातात चकल्यांचे ताट होते. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, जा ना त्याच्यामागे!" आणि मी, पाहुणे काय म्हणतील म्हणून, चकल्या वाढीत राहिलो. "कुत्राच त आहे, येईल पोट जाळायला," असे एकाने सांगितले आणि मला ते पटले देखील. मोती तिसऱ्या दिवशी एका धुऱ्याच्या आडोशाला सापडला, मागचा पाय ओढत. तो पाय अजून सरळ पडत नाही. लड पोराने लावली खरी, पण दार उघडे ठेवणारा यजमान मीच होतो.

"मुके जनावर, त्याला काय कळते?" हे वाक्य मला यापुढे ऐकायचे नाही. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. आपल्याला ज्याची चाहूलही लागत नाही, ते त्याच्या कानी आदळत असते. आणि पाहुण्यांचे लाड! लाडूतला बेदाणा कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतो. नागपूरहून आलेले चॉकलेट त्याला विषासारखे. कांद्याने त्याचे रक्त बिघडते. मटणाचे शिजलेले हाड फुटून आतड्यात रुतते. प्रेमाने भरविलेल्या घासानेही जनावर मरते, हे पाहुण्यांना सांगायला यजमानाने लाजायचे कशाला?

१९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठरविला दहा ते पन्नास रुपये! मोठी लड आज त्याहून महाग पडते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या रात्री फटाक्यांना आठ ते दहा अशी वेळ आखून दिली. गावात घड्याळ कोण पाहतो, हा प्रश्न आहेच. पण आपण तरी पाहावे. साडेसातच्या आत जनावराला बाहेर फिरवून आणावे, खाऊ घालावे, मग आतल्या खोलीत त्याचे अंथरूण, पाणी ठेवून दार लावून घ्यावे. रेडिओ चालू ठेवावा. खुंट्याला आखूड बांधून मात्र ठेवू नये. भ्यालेले जनावर गळफास लावून घेते. गोठ्याजवळ लड लावणाऱ्याला, तो जावई असला तरी, हाताला धरून बाहेर न्यावे.

यंदा आमंत्रणे देताना मी प्रत्येकाला बजावले आहे, की फटाके आणाल तर ते गावाबाहेरच्या मैदानावर. एका भाऊजींचे उत्तर आले, "मग आम्ही येत नाही." त्यांच्या वाटचे अनारसे कमी करायला मी सौभाग्यवतीला सांगून ठेवले आहे.