संकल्पाच्या आधी पत्ता

जानेवारी उजाडला की नव्या वर्षाच्या वह्यांना ऊत येतो. पूर्वी 'रोज पहाटे उठणार' एवढ्यावर भागायचे. आजकाल वहीत रकाने आखूनच मिळतात: यंदा काय हवे ते लिहा, आणि ते मिळालेच आहे असे समजून लिहा. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा आहे. वर्षाच्या तोंडावर शांत बसून चार ओळी लिहाव्यात हे चांगलेच. पण मागण्यांच्या यादीला चिंतन कसे म्हणायचे?

आपल्याकडे संकल्पाला एक रीत आहे. भटजी पूजेला बसवतात तेव्हा काय काय म्हणतात ते आठवा. काय हवे ते अगदी शेवटी येते. त्याआधी कुठला देश, कुठल्या नदीचा कुठला काठ. मग संवत्सर, अयन, ऋतू, महिना, तिथी. याला देशकालोच्चार म्हणतात. आपण कुठे आणि कधी उभे आहोत ते आधी, मागणे मागाहून. माझ्या मते वहीतही हाच क्रम हवा.

हे मी शिकलो ते आतेकडून. ती निपाणीला दिलेली. एका तंबाखूच्या वखारीतून दरवर्षी घरी डायरी येई आणि तिचे पहिले पान आते संक्रांतीच्या रात्री लिहायची. (खरे उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ लाच लागते, असे मी एकदा शहाणपणाने सांगितले. ती म्हणाली, "असेल बाबा. थंडी तर आज आहे.") आधी पूर्ण पत्ता. मग घरात कोण कोण, वये किती, वर्षभरात कोण आले, कोण गेले. देणे किती, येणे किती. रानात तंबाखू कशी उभी आहे. मग पेन खाली ठेवून ती बराच वेळ नुसती बसे. त्यानंतर पुढच्या वर्षासाठी दोन-तीन ओळी, फार नाहीत.

घर तेच, मग पत्ता दरवर्षी कशाला, असे आम्हा मुलांना वाटे. सीमाभागात मात्र पत्ता ही तितकी साधी गोष्ट नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्य जाऊन म्हैसूर आले, १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. चिकोडी तालुक्यातली निपाणी आता स्वतःच तालुका आहे. २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. घराची भिंत या सगळ्यात वीतभरही सरकली नाही. आपल्याला हे समजायला जड नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल, मग केंद्रशासित प्रदेश, ३० मे १९८७ पासून घटक राज्य. भटजींचा पत्ता तेवढा बदलला नाही. गोदावरीचा दक्षिण काठ म्हटला की निपाणी, बेळगाव, पेडणे सगळी एकाच काठावर.

त्याच डायरीत संक्रांत उलटली की दोन तारखा लागोपाठ येतात. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला आणि विलीनीकरण हरले. १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन असतो. मराठी भाग म्हैसूर राज्यात घालण्याविरुद्ध १९५६ मध्ये या दिवशी बेळगावात लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसे गेली. आम्हाला निदान विचारले तरी. त्यांना कधीच कोणी विचारले नाही. कौल झाला म्हणून आमचे भांडण मिटले असेही नाही म्हणा, पण तो विषय वेगळा.

तेव्हा सीमाभागातल्या माणसाने वर्षारंभी काय लिहावे? 'यंदा निकाल लागो' हे तर तिथे घरोघरी ठरलेले वाक्य. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून उभाच आहे. ती मागणी रास्त आहे, माझा तिच्यावर आक्षेप नाही. पण सगळे पान त्या एका ओळीने भरले की नातू कुठल्या शाळेत जातो, घरातले मराठी पुस्तक शेवटचे कधी उघडले, हे लिहायला जागा उरत नाही. निकाल दिल्लीत लागायचा आहे. नातवाला मराठी वाचता येते की नाही ते घरातच ठरते.

आतेचे १९८२ चे पान मी पाहिले आहे. आधीच्या एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखालचे तंबाखू आंदोलन पोलिसांनी मोडून काढले होते. गोळीबारात १२ शेतकरी मेले. त्या पानावर राग नव्हता, आशाही नव्हती. तंबाखूला मिळालेला भाव होता, उरलेले कर्ज होते, आणि ओळखीच्या कोणत्या घरांत आता कर्ता पुरुष नाही ते होते. खाली पुढच्या वर्षासाठी एकच ओळ: त्या घरी महिन्यातून एकदा जायचे. वरचे सगळे लिहिल्याशिवाय ही ओळ तिला सुचली असती असे मला वाटत नाही.

ती गेल्यावर मी तशी वही सुरू केली. तिच्या रकान्यांत माझी एकच भर: घरात मराठी वाचणारे किती. गोव्यात राहून हा रकाना भरणे बेळगावपेक्षा सोपे आहे, असे कोणी समजू नये. गेल्या वर्षी तीन लिहिले होते, यंदा दोन.

संक्रांत हुकली म्हणून वही पुढच्या सालावर ढकलायचे कारण नाही. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, तोवर हेही चालेल. साधी शाळेची वही पुरते. रकाने स्वतः आखावेत.